सोनोग्राफीत अस्तर १२.४ आलंय, जाऊबाई म्हणतात पिशवी सुजलीय

वैशाली, कसबा बावडा

नमस्कार. वय ३८, दोन मुलं, थोरली मुलगी आठवीत. गेल्या आठवड्यात उजव्या कुशीत एकदम कळ आली. मुतखडा असेल म्हणून डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. खडा निघाला, ४ मि.मी.चा. पाणी भरपूर प्या म्हणाले, तो विषय संपला. पण रिपोर्टात खाली लिहिलंय, 'गर्भाशय ८.२ × ४.६ × ४.१ सेंमी, एंडोमेट्रियम १२.४ मि.मी.' एंडोमेट्रियम म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर म्हणे. पुढं काही शेरा नाही.

रिपोर्ट आमच्या जाऊबाईंनी वाचला. म्हणाल्या, "बारा म्हंजे लई झालं गं. माझ्या बहिणीचं आठ होतं तरी गोळ्या चालू केल्या. पिशवी सुजलीय तुझी." त्या दिवसापासून डोळ्याला डोळा नाही. पाळी माझी २८-२९ दिवसांनी येते, चार दिवस असते, पहिल्या दिवशी ओटीपोट दुखतं तेवढंच. मधल्या दिवसांत कधी डागसुद्धा नाही.

अस्तर जाड म्हणजे सूज का? आणि हे अस्तर दर महिन्याला वाढतं, पडतं म्हणतात, ते नेमकं कुठनं येतं? शाळेत आमच्या बाईंनी तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. मुलीला गेल्या वर्षी पाळी आली, ती मला विचारते आणि मला धड सांगता येत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

सुरेखा, इचलकरंजी

वैशालीताई, घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. माझ्या मावसजावेचं असंच अस्तर वाढलेलं, शेवटी पिशवीच काढली. आता आराम आहे तिला. दोन मुलं झाली की पिशवीचं काम तरी काय राहतं?

सिस्टर आक्का, कोल्हापूर

सुरेखा, तुझ्या जावेला काय त्रास होता ते मला माहीत नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलत नाही. पण "काम तरी काय राहतं" हे वाक्य मी ३१ वर्षांच्या नोकरीत इतक्यांदा ऐकलंय, आणि त्याच्यापायी इतकं वाईट बघितलंय, की आज सविस्तर लिहिते. सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली १४ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात गेली.

वैशाली, आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघ आणि सोनोग्राफी झाली तो पाळीचा कितवा दिवस होता ते सांग. अंगावर लागलं तो पहिला दिवस धरायचा. हे कळल्याशिवाय १२.४ वाचताच येत नाही.

तू बावड्याची, राजाराम बंधारा तुमच्याकडंच. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर सकाळी उठून एकच विचारतं, पाणी किती फुटांवर गेलं? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, पोरासोरांनासुद्धा पाठ असतं. आता जुलैत पंचगंगा ३० फुटांवर असली तर कुणी घर आवरायला घेत नाही. तेच ३० फूट मार्चमध्ये झाले तर सगळा गाव नदीवर धावेल. आकडा तोच, महिना वेगळा. अस्तराच्या आकड्यालाही असा महिना लागतो, आणि तो महिना म्हणजे पाळीचा दिवस.

पाळी चालू असताना मोजलं तर अस्तर १ ते ४ मि.मी. भरतं. पाळी संपल्यावर थोड्या दिवसांत ५ ते ७ होतं, बीज सुटायच्या सुमाराला ११ पर्यंत जातं, आणि त्यापुढच्या पंधरवड्यात ७ पासून १६ पर्यंत कितीही भरू शकतं. आणखी एक गोष्ट रिपोर्ट देताना कुणी सांगत नाही. हा आकडा दोन्ही भिंतींच्या अस्तराचा मिळून असतो. आपण पिशवी म्हणतो, म्हणून डोळ्यांपुढं फुगलेली थैली येते. तशी ती नसते. उलट्या पेरूसारखा जाड स्नायूचा गोळा, देठाकडची बाजू खाली, आणि आतली पोकळी म्हणजे नुसती फट. पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात. सोनोग्राफीत या काठापासून त्या काठापर्यंत मोजतात. म्हणजे तुझं एका बाजूचं अस्तर झालं सहा-सव्वासहा मिलिमीटर.

आता ते येतं कुठनं. बावड्यात ऊस न बघितलेलं माणूस नाही, म्हणून उसावरूनच सांगते. वॉर्डात मी बायकांना असंच सांगायची आणि त्यांना पटकन कळायचं.

तोडणी झाली की रानात काय राहतं? जमिनीलगतचे बुडखे. पाणी दिलं की त्याच बुडख्यांतनं फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो, नव्यानं लागण करावी लागत नाही. पिशवीच्या अस्तराचे असेच दोन थर असतात. वरचा दर महिन्याला वाढतो आणि पडतो. खालचा पातळ थर स्नायूला धरून असतो, तो पाळीत पडत नाही. ते आपले बुडखे. प्रत्येक वेळचं नवीन अस्तर तिथनंच फुटतं. खोडव्याचा उतारा काही वर्षांत घटतो, रान मोडावं लागतं. बाईच्या पोटात मात्र हे चारशेच्या आसपास वेळा होतं आणि आत व्रण राहत नाही. लहानपणी गुडघा फुटला तर त्याची खूण म्हातारपणापर्यंत दिसते. हे आठवलं की मला आजही नवल वाटतं.

रक्त पुरतं थांबायच्या आधीच आतली डागडुजी चालू झालेली असते. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत उघडी पडलेली जागा झाकली जाते. तिकडं ओव्हरीत एक बीज पिकायला लागतं, त्याच्या भोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक सोडतात, आणि त्याच्यावर अस्तर उंच होत जातं. याच दिवसांत पिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव पातळ होतो. बीज सुटायच्या वेळी तो कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा असतो, दोन बोटांत धरला तर तार निघते. कितीतरी पोरी "सिस्टर, पांढरं जातंय" म्हणून रडकुंडीला येऊन यायच्या. तारीख विचारली की बारावा नाहीतर तेरावा दिवस निघायचा. वास नाही, खाज नाही, तर त्याला औषध लागत नाही.

बीज सुटलं की त्याचं रिकामं कवच ओव्हरीतच राहतं, पिवळं पडतं. त्याला पीतपिंड म्हणतात. ते प्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं संप्रेरक सोडतं. इथनं पुढं अस्तराचं उंच होणं जवळजवळ संपतं आणि भरणं सुरू होतं. उसाला आधी उंची येते आणि मग साखर भरते ना, तसंच. आतल्या ग्रंथी नागमोडी होतात, त्यांच्यात ग्लायकोजेन म्हणजे साखरेचाच साठा होतो, रक्तवाहिन्या मळसूत्रासारख्या पिळत वर येतात, सगळं ओलसर, मऊ होतं. एखादं फळलेलं बीज आलंच तर त्याला रुजायला जागा तयार. सोनोग्राफीत हे अस्तर जाड आणि पांढरं दिसतं. याला सूज म्हणायचं नाही.

पीतपिंड जेमतेम १२-१४ दिवस टिकतं. दिवस राहिले तर गर्भाकडून एचसीजी नावाचं संप्रेरक येतं आणि पीतपिंडाला जगवतं. घरी लघवीवर चाचणी करतात ती याचीच. दिवस राहिले नाहीत तर पीतपिंड सुकतं, प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं, आणि त्या पिळाच्या रक्तवाहिन्या आखडतात. वरच्या थराचं रक्त तुटतं. पण बुडख्यांना रक्त नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आहेत, सरळ आणि आखूड, त्या आखडत नाहीत. एका विहिरीवर दोन पाइपलाइनी असाव्यात आणि एकीचाच कॉक बंद करावा, तसं. म्हणून वरचं पडतं आणि खालचं जगतं.

तुझं पहिल्या दिवसाचं दुखणंही यातच आहे. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांनी पिशवीचा स्नायू आवळतो आणि आतलं बाहेर ढकलतो. तीच द्रव्यं आतड्यालाही लागतात, म्हणून काहींना त्या दिवशी जुलाब होतात. मेफेनॅमिक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी हीच द्रव्यं तयार होऊ देत नाही. त्यामुळं दुखणं सुरू होताना, पोटात काहीतरी खाऊन घेतली तर उपयोग. रात्रभर कळा सोसून सकाळी घेतली की "गोळीनं काही होत नाही" म्हणायची वेळ येते. तुला खड्याचा त्रास आहे, तू मात्र डॉक्टरांना विचारूनच घे.

रक्त सगळं मिळून साधारण ३० ते ४० मि.ली. जातं. खोकल्याच्या औषधाच्या १० मि.ली.च्या टोपणानं मोजलं तर तीन-चार टोपणं. ८० च्या वर गेलं तर जास्त. तासातासाला पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, आठ दिवसांवर पाळी लांबणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर अंगावरून जाणं, यातलं काहीही असलं तर तपासून घ्यायचंच. आणि पाळी कायमची गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टर गाठायचा. त्या वयात ४ मि.मी.च्या वरचं अस्तरसुद्धा लक्ष देऊन बघतात, कारण तिथं महिन्याचं चक्रच नसतं. तुझ्या जाऊबाईंच्या बहिणीचं वय काय होतं ते विचार. आठ हा आकडा साठीच्या बाईला वेगळा आणि तुला वेगळा.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते. माझी थोरली बहीण गडहिंग्लजकडं दिलेली. १९९६ साली, वयाच्या ३५व्या वर्षी तिची पिशवी काढली. कंबर दुखते म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेली होती. सोनोग्राफीच्या कागदावर अस्तराच्या आकड्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या आणि "पुढं कॅन्सर होईल" असं सांगितलं. १३ मि.मी. होतं. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात ड्यूटीवर होते, मला ऑपरेशन झाल्यावर कळलं. कागद हातात आला तेव्हा मी तिला विचारलं, आक्का, त्या दिवशी तुझी पाळी येऊन किती दिवस झाले होते? तिनं बोटांवर मोजलं. चोविसावा दिवस. तपासणाऱ्यानं विचारलंच नव्हतं. पाळी कधीच बिघडलेली नव्हती. पिशवी गेली, कंबरदुखी तशीच राहिली. ऊस भांगलायला वाकली की अजून "आई गं" म्हणते. तो कागद माझ्या कपाटात आहे.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, सरकारनं समिती नेमली. त्याच बायका दर हंगामाला आपल्या फडात येतात. त्यांच्यातल्या कितींना तारीख विचारली असेल, हा विचार मला तेव्हा रात्ररात्र छळायचा.

काही वेळा पिशवी काढावीच लागते आणि त्यानं जीव वाचतो, ते मी स्वतःच्या हातांनी केलेल्या ड्यूटीत बघितलंय. पण नुसत्या एका आकड्यावर नाही. कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा, आणि कागदावर शेवटच्या पाळीची तारीख स्वतः पेनानं लिहून ने.

जीवशास्त्राचा मास्तर, राजारामपुरी

सिस्टर, ज्युनियर कॉलेजला २२ वर्षं हा धडा शिकवतोय, पण खोडवा मला सुचला नव्हता. उद्यापासून वर्गात वापरणार.

थोडी भर घालतो. वैशालीताईंना जी भीती वाटली ती डॉक्टरांनाही वाटायची. अस्तरातल्या फुगलेल्या, नागमोडी ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याला अस्तराचा दाह म्हणत, म्हणजे जाऊबाईंच्या भाषेत सूज. १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या हिट्शमन आणि अ‍ॅडलर या दोघांनी पाळीच्या वेगवेगळ्या दिवशीचे नमुने लावून दाखवलं, की तो आजार नाही, तेच निरोगी अस्तर महिन्याच्या त्या दिवसांत तसं दिसतं. त्यांनीही तारीखच विचारली होती.

आणि रक्तवाहिन्या आखडतात हे कुणी बघितलं? मार्की नावाच्या अमेरिकन संशोधकानं. त्यानं माकडिणीच्या अस्तराचे बारीक तुकडे तिच्याच डोळ्यात, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याआड बसवले. ते तिथं रुजले आणि पाळीच्या वेळी डोळ्यातच रक्तस्राव झाला. आधी वाहिन्या आखडल्या, तुकडे फिके पडले, मग रक्त आलं, हे त्यानं बाहेरून प्रत्यक्ष बघून १९४० मध्ये प्रसिद्ध केलं. त्या मुक्या जिवाचं वाईट वाटतं. वर्गात हे सांगताना मी दरवेळी थांबतो.

मुलीला सांगताना एक चूक टाळा. बीज चौदाव्या दिवशीच सुटतं असं नाही. बीज सुटल्यानंतरचे दिवस बहुतेक ठरलेले, सुमारे १४. आधीचे दिवस कमी-जास्त होतात. ३५ दिवसांनी पाळी येत असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटलेलं असतं. मागून मोजायचं.

दूधवाला, करवीर तालुका

बायकांच्या चर्चेत बोलू का नको, असं झालं, पण घरात आई, बायको, दोन मुली आहेत, म्हणून सगळं वाचलं. सिस्टर, आमच्या कालवडीला माज ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी शेपटीला रक्त लागलेलं दिसतं. आमची आजी म्हणायची गाईची पाळी आली. ते हेच का?

सिस्टर आक्का, कोल्हापूर

जरूर विचारायचं दादा. नाही, ते उलटं आहे. गाईचं चक्र २१ दिवसांचं, आणि ते रक्त बीज सुटायच्या आसपासच्या दिवसांतलं असतं. माजातलं इस्ट्रोजेन उतरलं की बारीक रक्तवाहिन्यांतनं थोडं पाझरतं, अस्तर पडत नाही. ते दिसलं म्हणजे भरवायची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. आपल्यासारखी पाळी फार थोड्या प्राण्यांना येते, माकडं, काही वटवाघळं, एक काटेरी उंदीर. कारण आपल्यात गर्भ असो वा नसो, अस्तर दर महिन्याला पुढची तयारी करून बसतं आणि मग त्याला माघारी जाता येत नाही, पडावंच लागतं.

वैशाली, कसबा बावडा

आक्का, कॅलेंडर बघितलं. पाळी ३ तारखेला आली होती, सोनोग्राफी २४ ला. म्हणजे बाविसावा दिवस. काल डॉक्टरबाईंकडं गेले, कागदावर तारीख लिहून नेली होती. त्यांनी आधी तारीख बघितली, मग आकडा, आणि म्हणाल्या या दिवसाला हे बरोबर आहे, काही करायचं नाही. जाऊबाईंच्या बहिणीचं वय विचारलं, ६१ निघालं. तुमच्या बहिणीचं वाचून रात्री रडू आलं.

मास्तर, मुलीला रात्री वहीत काढून दाखवलं. बुडखे तिला लगेच कळले. पण तिनं असं विचारलं की मी गप्प झाले. तिची पाळी कधी ३० दिवसांनी येते, कधी ४२. म्हणाली, "मग ४२ दिवस माझं अस्तर वाढतच राहतं काय?"

सिस्टर आक्का, कोल्हापूर

गुणाची पोर आहे. तिला सांग, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर आहे, काही वेळा हो. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. बीज सुटलं नाही की पीतपिंड नाही, मग प्रोजेस्टेरॉनही नाही. अस्तर इस्ट्रोजेनवर वाढत राहतं आणि केव्हातरी आपल्याच भारानं, जागोजागी, वेडंवाकडं पडायला लागतं. म्हणून उशिरा आलेली पाळी कधी जास्त जाते आणि जास्त दिवस चालते. तिच्या वयाला २१ ते ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. तीन महिने आलीच नाही, किंवा आल्यावर आठवडाभराच्या पुढं जोरात चालू राहिली, तर दाखवायचं.

तिला एक छोटी वही दे, नुसत्या तारखा लिहायला. पहिली पाळी आलेला दिवस तुला आठवत असेल तर पहिल्या ओळीत तोच लिही.